आजारपणातला पगार

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास थोडा वेळ थांबलं, तरी बंगाली कानांवर पडतेच. गीतांजली एक्सप्रेसने किंवा हावडा मेलने नागपूरमार्गे तीस-बत्तीस तासांचा प्रवास करून ही माणसं आलेली असतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवतं, कुणी भाड्याची खोली घेतं, कुणी फुटपाथवरच पथारी टाकतं. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात गरिबाला अत्यल्प खर्चात उपचार मिळतात. तरीही यातली कित्येक घरं परत जाताना कर्जात बुडालेली असतात. आजारी माणसाची कमाई थांबलेली असते. त्याच्या सोबतीला आलेल्या भावाचीही थांबलेली असते. गाडीभाडं, खोलीचं भाडं, गावाकडे उरलेल्यांचं पोट, मुलांच्या फिया हा सगळा खर्च कोणत्याही रुग्णालयाच्या पावतीवर येत नाही.

गंभीर आजाराचा विमा, ज्याला एजंट आणि आपण सगळेच ‘क्रिटिकल इलनेस’ म्हणतो, तो या दुसऱ्या खर्चासाठी आहे. मोठा मेडिक्लेम समजून तो घेणाऱ्याची दोन्हीकडून फसगत होते. रुग्णालयाचं बिल भागेल या भरवशावर तो मेडिक्लेम कमी ठेवतो, आणि खरी गरज लागते तेव्हा पॉलिसीतल्या व्याख्येशी त्याचा आजार जुळत नाही. हे नीट समजून घेण्यासाठी या प्रकरणात आपण बजबजला जाऊ. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या. हुगळीच्या काठावरच्या ज्यूट मिल मात्र अजून चालतात, आणि आजारपणात माणसाला कोण सांभाळतं याचे तीन वेगवेगळे प्रकार तिथे एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात.

बजबज हे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातलं, हुगळीच्या डाव्या तीरावरचं गाव. सियालदहहून दक्षिणेकडे सुटणारी लोकल जिथे संपते ते हे ठिकाण. पलीकडच्या तीरावर बाउरिया. शिकागोहून परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये इथेच बोटीतून उतरून रेल्वेत बसले. कॅनडाने परत पाठवलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजावरच्या प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ रोजी इथेच गोळीबार झाला. आता नदीकाठी खनिज तेलाच्या टाक्यांची रांग आहे, पुजालीला वीजकेंद्र आहे, चेव्हियट आणि न्यू सेंट्रलसारख्या ज्यूट मिल आहेत. त्यांच्या आजूबाजूला टोटो, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, चालवणारे आहेत आणि शेजारच्या महेशतल्यात कपडे शिवणारे हजारो हात आहेत.

समजा, या रस्त्यावरच्या तिघांना एकाच वर्षी तोंडाचा कर्करोग झाला. एक मिलमधला कायम कामगार, दुसरा टोटोचालक, तिसरा एखाद्या कारखान्यातला महिना चाळीस हजार मिळवणारा सुपरवायझर. उपचार तिघांनाही मिळतील. जवळच ठाकुरपुकुरला डॉ. सरोज गुप्ता यांनी उभं केलेलं कर्करोग रुग्णालय आहे, कोलकाता शहरात १९५० मध्ये उघडलेली चित्तरंजन कर्करोग संस्था आहे, राजारहाटला टाटा मेडिकल सेंटर आहे. उपचार चालू असताना घर कसं चालेल, हा प्रश्न मात्र तिघांसाठी पूर्ण वेगळा आहे.

आधी मिलमधला कामगार. त्याच्या पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के रक्कम राज्य कामगार विम्यासाठी कापली जाते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगार १५,००० असेल तर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे. १९४८ च्या कायद्याने आलेली आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीला प्रत्यक्ष सुरू झालेली ही योजना, तीच ईएसआय. बजबजला तिचं स्वतःचं रुग्णालय आहे. परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी जसे केसपेपर काढले, तसेच इथे ज्यूट कामगार काढतात. उपचारांच्या खर्चाला विमेदार कामगारासाठी वरची मर्यादा नाही. पण या प्रकरणासाठी महत्त्वाचा आहे तो रोख लाभ. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. आजार दीर्घ मुदतीचा असेल आणि ३४ आजारांच्या यादीत बसत असेल, तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत रोख मिळत राहते. १५,००० च्या पगाराला ढोबळ हिशेबाने महिना १२,०००, आणि दोन वर्षं पुरी झाली तर २,८८,०००.

ही ३४ आजारांची यादी मला फार मोलाची वाटते. तिच्यात कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, हृदयविकार आहेतच. पण क्षयरोग आहे, कुष्ठरोग आहे, स्किझोफ्रेनियासारखे मनाचे आजारही आहेत. बाजारातल्या खासगी गंभीर आजार पॉलिसीत क्षय सापडत नाही. खासगी पॉलिसीची यादी जिवावर बेतणाऱ्या आजारांवरून बनते. कामगार विम्याची यादी माणसाला कामावर जाऊ न देणाऱ्या आजारांवरून बनली आहे, आणि कष्टकऱ्याच्या घराला नेमका याच गोष्टीचा फटका बसतो.

या लाभालाही अटी आहेत. दोन वर्षं सलग विमापात्र नोकरी हवी आणि आधीच्या चार वर्गणी-कालखंडांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कायम कामगाराला हे आकडे सहज गाठता येतात. बदली कामगाराची गोष्ट निराळी. गिरणगावात वाढलेल्यांना बदली कामगार कोण हे सांगायला नको. फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर पाळी मिळायची, नाहीतर घरी परत. ज्यूट मिलमध्ये हीच पद्धत, हाच शब्द. मागणी घटली, ताग महागला की काम बंदची नोटीस लागते आणि त्याचे कामाचे दिवस कमी होतात. शिवाय ठेकेदाराकडचा माणूस असेल आणि ठेकेदाराने वर्गणीच भरली नसेल, तर आजारी पडल्यावरच ते कळतं. म्हणून आपला विमा क्रमांक आणि आपल्या नावावर जमा झालेले वर्गणीचे दिवस कामगाराने धडधाकट असतानाच तपासून ठेवायला हवेत.

टोटोचालकाकडे यातलं काही नाही. पश्चिम बंगालची ‘स्वास्थ्य साथी’ योजना डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि चार वर्षांनी सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. कार्ड घरातल्या बाईच्या नावे निघतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हेच काम करते. अशा योजना नसत्या तर लाखो माणसं उपचाराविना गेली असती. पण त्यांचा पैसा रुग्णालयाकडे जातो. किरणोत्सर्गाचे सहा आठवडे रोज रुग्णालयात हेलपाटे घालणाऱ्या टोटोचालकाच्या घरी त्या सहा आठवड्यांत शून्य रुपये येतात आणि टोटोच्या कर्जाचा हप्ता तसाच उभा राहतो. बँक खात्यातून आपोआप कापले जाणारे ४३६ रुपये त्याला आठवतील, पण ती जीवन ज्योती विमा योजना, मृत्यूनंतर दोन लाख देणारी. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना अपघाताची. आजारी पडून जिवंत राहिलेल्या माणसाला या दोन्हींतून काही मिळत नाही.

तिसरा, सुपरवायझर. ईएसआयची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. पगार त्यापुढे गेला की माणूस योजनेबाहेर जातो. पगारवाढीच्या आनंदात फार थोड्यांच्या लक्षात येतं की आजारपणातला दोन वर्षांचा पगार त्याच दिवसापासून सुटायला लागला. कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम मिळतो, तो रुग्णालयाचं बिल भरतो. रजा संपली की पगार थांबतो, आणि नोकरी गेली की मेडिक्लेमही जातो. खासगी गंभीर आजार विमा सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो या माणसाला, आणि त्याच्यासारख्या ठाण्या-पुण्याच्या लाखो नोकरदारांना.

हा विमा एका शल्यविशारदाच्या डोक्यातून आला. दक्षिण आफ्रिकेत ३ डिसेंबर १९६७ रोजी क्रिस्तियान बार्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदयारोपण केलं. त्यांच्या चमूत त्यांचा धाकटा भाऊ मारियस होता. पुढे मारियस बार्नार्ड आपल्या एका रुग्ण बाईची हकीकत सांगत. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी दोन मुलं, फुप्फुसाचा कर्करोग. शस्त्रक्रिया पार पडली. नंतर ती भेटली तेव्हा दमलेली, धाप लागलेली होती, आणि तरीही कामावर जात होती. मुलांना पोसायला दुसरं कुणी नव्हतं. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढवलं, पण वाढलेल्या आयुष्याचा खर्च कोण करणार, हे कुणी पाहिलंच नव्हतं. मृत्यूनंतर पैसे देणारा विमा तिला निरुपयोगी होता. बार्नार्ड विमा कंपन्यांकडे गेले, आणि १९८३ मध्ये क्रुसेडर लाइफ या कंपनीने पहिली पॉलिसी आणली. तिच्यात चारच गोष्टी होत्या. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास शस्त्रक्रिया. निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम हातात. ती कशावर खर्च केली, हे विचारायचं नाही.

आजही रचना तीच आहे. दहा लाखांची पॉलिसी असेल आणि आजार व्याख्येत बसला, तर बिल दोन लाखांचं झालं की आठ लाखांचं, याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही, दहा लाख मिळतात. मेडिक्लेमने बिल आधी भरलं असलं तरी मिळतात. साधारणपणे एकदा पूर्ण रक्कम दिली की पॉलिसी संपते. पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांत आजाराचं निदान झालं तर बहुतेक पॉलिसींत काही मिळत नाही. शिवाय निदानानंतर ठरावीक काळ, बहुधा ३० दिवस, रुग्ण जिवंत असावा लागतो. ही अट अनेकांना निर्दय वाटते. पण हा विमा जगणाऱ्यासाठी आहे, मागे राहिलेल्यांसाठी टर्म इन्शुरन्स आहे, आणि दोन्ही एकत्र असतील तरच घर सुरक्षित राहतं. म्हणून या अटीवर चिडण्यापेक्षा कमी दिवसांची अट असलेली पॉलिसी शोधणं बरं.

आता व्याख्या. सगळा जीव इथे आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीची आपली व्याख्या असे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये अकरा गंभीर आजारांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या, पुढे २०१६ मध्ये त्या सुधारल्या आणि यादी बावीसवर नेली. माहितीपत्रकावर ‘कर्करोग’ एवढंच छापलेलं असतं. पॉलिसीत मात्र ‘विशिष्ट तीव्रतेचा कर्करोग’ असतो. पेशी जागच्या जागीच आहेत, आजूबाजूच्या ऊतींत शिरलेल्या नाहीत, अशा अवस्थेतला स्तनाचा कर्करोग त्यात बसत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्था बसत नाहीत. थायरॉइडची लहान, न पसरलेली गाठ बसत नाही. प्रोस्टेटचा सौम्य प्रकार बसत नाही. खैनी-गुटख्याने तोंडात आलेला पांढरा चट्टा, तोंड उघडता न येणं, या तर कर्करोगपूर्व गोष्टी, त्यांचा प्रश्नच नाही.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की लवकर तपासणी केली तर पैसे बुडतात. लवकर सापडलेला कर्करोग थोड्या उपचारांत बरा होतो, माणूस महिन्याभरात कामावर जातो, त्या घराला दोन वर्षांच्या पगाराची गरजच पडत नाही. तरी मधल्या अवस्थेसाठी काही हवं असेल, तर टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्या पॉलिसी आहेत. आयुर्विमा महामंडळाने २०१७ मध्ये आणलेल्या कॅन्सर कव्हर योजनेत सुरुवातीच्या अवस्थेला विमा रकमेच्या २५ टक्के, आणि मोठ्या अवस्थेत उरलेली रक्कम आणि त्यापुढे दहा वर्षं दरमहा एक टक्का, अशी रचना होती. दरमहा पैसे देण्याची ही कल्पना कामगार विम्याच्या जवळची आहे आणि मला ती एकरकमीपेक्षा शहाणपणाची वाटते. एकदम आलेल्या दहा लाखांवर नातेवाइकांची, सावकाराची, घरदुरुस्तीची नजर असते.

हृदयाच्या बाबतीत व्याख्या अधिक नीट वाचावी लागते, कारण बार्नार्ड यांच्या काळापासून वैद्यक फार पुढे गेलं. तेव्हा छाती उघडून बायपास हाच मार्ग होता. आज मनगटातून किंवा जांघेतून तार घालून स्टेंट बसवतात, माणूस तिसऱ्या दिवशी घरी येतो. बायपासच्या प्रमाण व्याख्येत अँजिओप्लास्टी बसत नाही. ती यादीत स्वतंत्रपणे असेल तरच पैसे मिळतात, आणि तेही बऱ्याचदा मर्यादित. झटक्याची व्याख्याही बदलली. २०१३ च्या व्याख्येत ईसीजीवर ठरावीक उंचावटा न दाखवणारा, पण रक्तातल्या ट्रोपोनिनवरून कळणारा झटका स्पष्टपणे वगळला होता. नव्या व्याख्येत ते वगळणं नाही, मात्र छातीतलं दुखणं, ईसीजीतला नवा बदल आणि ट्रोपोनिन हे सगळं जुळून यावं लागतं. नुसता ‘अँजायना’ आजही बाहेरच. ज्यांची पॉलिसी त्या मधल्या वर्षांतली आहे, त्यांनी कपाटातून ती काढून नेमकी कोणती व्याख्या छापली आहे ते पाहावं.

पक्षाघातात मेंदूची कायमची हानी किमान तीन महिने टिकलेली असावी लागते. चोवीस तासांत उतरलेला झटका मोजत नाहीत. याचा व्यवहारात अर्थ असा की पक्षाघाताचे पैसे पहिल्या तीन महिन्यांत बहुधा हाती येत नाहीत, आणि फिजिओथेरपीचा खर्च सर्वांत जास्त नेमका तेव्हाच असतो. तेवढे तीन महिने निभावतील इतकी रोकड बाजूला हवी, त्याला पर्याय नाही.

रक्कम किती हवी? कामगार विम्याची दोन वर्षांची मुदत हा चांगला आधार आहे, कारण मोठ्या आजारातून उठून पूर्ण ताकदीने कामाला लागायला एवढा काळ लागू शकतो. समजा, सुपरवायझरच्या घरखर्चाला महिना २५,००० लागतात, तर दोन वर्षांचे ६,००,०००. शुश्रूषेसाठी पत्नीला सहा महिने तिचं १५,००० चं काम सोडावं लागलं तर ९०,०००. डोक्यावर २,००,००० चं कर्ज. म्हणजे ८,९०,०००, दहा लाखांची पॉलिसी पुरेशी. एजंट पन्नास लाखांचं बोलेल. तो हप्ता दर वर्षी भरणं जमलं नाही आणि पॉलिसी मध्येच सुटली, तर पुढे वय आणि मधुमेह दोन्ही वाढलेले असतात आणि नवी मिळणं कठीण होतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढा भार हलका झाला.

टर्म पॉलिसीला जोडलेला गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे पूरक विमा, बहुधा स्वस्त पडतो. फक्त विचारून घ्यावं की आजारात दिलेली रक्कम मृत्यूच्या रकमेतून वजा होते का. होत असेल, तर पन्नास लाखांच्या टर्ममधून दहा लाख आधीच घेतल्यासारखे होतात, आणि मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला चाळीस येतात. काहींना ते चालतं. माहीत असायला हवं, एवढंच.

टोटोचालकाला मात्र मी ही पॉलिसी आधी घ्यायला सांगणार नाही. त्याच्या कमाईत चढउतार इतका की हप्ता चुकण्याचीच शक्यता जास्त. त्याच्यासाठी योजनेचं कार्ड चालू ठेवणं, टपाल खात्यात किंवा बँकेत तीन महिन्यांचा खर्च साठवणं, आणि दुखणं अंगावर न काढणं, या गोष्टी आधी. त्याला खरी गरज आहे ती कामगार विम्यासारख्या आजार-भत्त्याची. मिलच्या भिंतीच्या आतल्या माणसाला मिळतो तो बाहेरच्याला का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेलं नाही. आणि साठवणूक करताना त्या भागातल्या लोकांनी २०१३ मध्ये काय भोगलं तेही विसरता येत नाही. लोकांकडून ठेवी गोळा करणारा शारदा समूह कोसळला तेव्हा दक्षिण चोवीस परगण्यातल्या मोलकरणी, रिक्षावाले, कामगार यांची आयुष्यभराची पुंजी गेली. ओळखीचा एजंट, छापील पावती, मोठ्या व्याजाचं वचन, सगळं होतं, नियामकाची परवानगी नव्हती. विमा घेतानाही कंपनीचा नोंदणी क्रमांक पाहणं याच कारणाने आवश्यक.

अर्ज स्वतः भरावा. बहुतेक भांडणांचं मूळ तिथे असतं. एजंट घाईने ‘आजार नाही’ अशा सगळ्या चौकटींवर खूण करतो, आपण सही करतो. चार वर्षांपूर्वी रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, ती लिहायची राहते, आणि झटका आल्यावर कंपनी जुने केसपेपर मागवते. गोळी लिहिली असती तर हप्ता थोडा वाढला असता, इतकंच. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण पाच वर्षं थांबून आजार येत नाही. पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत नापसंत म्हणून परत करता येते. त्या दिवसांत निदान व्याख्यांची पानं वाचावीत, इंग्रजी जड जात असेल तर ओळखीच्या डॉक्टरला दाखवावीत.

दावा नाकारला गेला तर तिथेच थांबू नये. नकार लेखी मागावा, त्यात पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं आहे ते पाहावं, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून त्या कलमाला नेमकं उत्तर देणारं पत्र घ्यावं, म्हणजे गाठ कोणत्या अवस्थेतली होती, ट्रोपोनिन किती होतं, हाताची कमजोरी किती काळ टिकली. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. बजबजच्या माणसाला त्यासाठी कोलकात्यात कार्यालय आहे, आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. रुग्ण स्वतः अंथरुणावर असतो आणि घरचे उपचारांत गुंतलेले असतात, त्यामुळे हे वर्ष भराभर निघून जातं. म्हणून नकाराचं पत्र आल्या दिवशीच ती तारीख कुणीतरी लिहून ठेवावी आणि कागदांची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी.